बंद घरात जगाची चित्रं: कोकणातल्या गावात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवायचं तर

कोकणातल्या गावात परदेशी कलाकारांची कामं मांडायची असतील तर पहिली खरेदी हायग्रोमीटरची करा. कॅटलॉग, बोधचिन्ह, पाहुण्यांची यादी हे सगळं नंतर. घरातली हवा किती दमट आहे आणि दिवसभरात किती वरखाली होते, हे कळल्याशिवाय कुणाचं काम मागवायचं आणि कुणाला नाही म्हणायचं हे ठरवताच येत नाही.

अशी प्रदर्शनं महानगरांबाहेर पडून आता बरीच वर्षं झाली. व्हेनिसचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, १८९५ चं. मग साओ पावलो १९५१, हवाना १९८४, शारजा १९९३, ग्वांगजू १९९५ असा हा प्रवास युरोपबाहेर होत गेला. आपल्याकडे १९६८ मध्ये दिल्लीत त्रैवार्षिक भरलं आणि १२ डिसेंबर २०१२ ला कोची-मुझिरिस बिएनाले सुरू झालं. अ‍ॅस्पिनवॉल हाऊससारख्या समुद्रकाठच्या जुन्या व्यापारी वास्तू तिथे दालनं झाल्या. पण कोकणाला सगळ्यात जवळचं उदाहरण जपानचं आहे. निईगाता प्रांतातला एचिगो-त्सुमारी हा सुमारे ७६० चौरस किलोमीटरचा डोंगराळ मुलूख. तरुण शहरात गेलेले, घरांना कुलपं, मुलांअभावी शाळा बंद. कला-संयोजक फ्राम कितागावा यांनी २००० पासून त्याच घरांत आणि शाळांत त्रैवार्षिक भरवायला सुरुवात केली, आणि २०१० पासून सेतोउची समुद्रातल्या बेटांवरही. चाकरमान्यांची बंद घरं आणि पटसंख्येअभावी रिकाम्या झालेल्या जिल्हा परिषद शाळा आपल्याकडेही गावोगाव आहेत. जागा नाही म्हणून अडणार नाही. अडलं तर हवेमुळे आणि कागदांमुळे अडेल.

घर आणि सह्या

बंद घर मागायला गेलं की चावी ज्याच्याकडे आहे तो काका लगेच हो म्हणतो. त्यावर थांबू नका. ग्रामपंचायतीतून घरपट्टीचा असेसमेंट उतारा काढा. त्यावर सात-आठ नावं असतात, काही मयत, काही मुंबईला, एखादं बडोद्याला. या सगळ्यांच्या सह्या पोस्टाने गोळा करायला गेलात तर वर्ष जाईल. सगळे भाऊबंद एका छपराखाली भेटतात ते गणपतीत. म्हणून संमतिपत्राचा मसुदा श्रावणातच तयार ठेवा आणि आरतीनंतर निवांत बसून वाचून दाखवा. कुठल्या खोल्या वापरणार, किती दिवस, वीजबिल कुणाचं, भिंतीला भोक पाडणार की नाही, देवघर बंद राहील की उघडं, हे सगळं त्यात लिहिलेलं हवं. देवघराचा मुद्दा स्वतंत्र ओळीत लिहा. नंतरचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

ग्रामसभेत विषय ठेवायच्या आधी गावच्या मानकऱ्यांना भेटा. देवळाच्या सभामंडपात किंवा देवराईच्या जवळपास काही मांडायचा विचार असेल तर तो निर्णय त्यांचा आहे, तुमचा नाही.

किनाऱ्यावर काही उभारायचं असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. तहसीलदार आणि मेरिटाइम बोर्ड, दोन्हीकडे तीन महिने आधी अर्ज करा. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग ही केंद्र-संरक्षित स्मारकं आहेत. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. तात्पुरता सांगाडा उभारायचा असला तरी पुरातत्त्व खात्याला लेखी विचारा. कातळशिल्पांचा, म्हणजे जांभ्याच्या खडकात कोरलेल्या जुन्या आकृत्यांचा, सडा (उघडं पठार) कितीही मोहात पाडो, शिल्पांच्या अंगावर किंवा काठावर काहीही ठेवू नका. जांभा मऊ असतो, तिपाईच्या टोकानेही ओरखडा उठतो, आणि हजारो वर्षांच्या रेषेवरचा ओरखडा बुजवता येत नाही.

तारीख

मकरसंक्रांतीनंतर सुरू करून चार आठवडे, हा कोकणातला सगळ्यात सुरक्षित काळ. दिवाळीपर्यंत भिंतींत पावसाचं पाणी मुरलेलं असतं. नाताळ ते एक जानेवारी मालवण-तारकर्लीत खोली मिळत नाही. मार्चमध्ये शिमगा लागतो, तेव्हा पालखी नाचवणारा माणूस प्रदर्शनाच्या पहाऱ्याला बसत नाही, आणि बसवूही नये. पुढे आंबा सुरू झाला की टेम्पो मिळत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कौल घेऊन ठरते, पंचांगात सापडत नाही. मालवण तालुक्यात मांडणी असेल तर ती जाहीर होताच आपलं वाहतुकीचं वेळापत्रक तिच्याभोवती फिरवा, कारण त्या दिवसांत रेल्वे, रस्ते, लॉज सगळं भरलेलं असतं.

मांडणी पुरी होण्याचा दिवस आणि उद्घाटन यांत पाच मोकळे दिवस ठेवा. कोचीचं पाचवं बिएनाले १२ डिसेंबर २०२२ ला उघडायचं होतं, मुख्य प्रदर्शन २३ डिसेंबरला उघडलं. मोठ्या, अनुभवी संस्थेवर अशी वेळ येते, तर गावात ती येणारच असं धरून चाला.

हवा

संग्रहालयांच्या जगात एकेकाळी ५० टक्क्यांच्या आसपास सापेक्ष आर्द्रता आणि वीस-एकवीस अंश तापमान असा हट्ट असे. आता मोठ्या संग्रहालयांनी मान्य केलेली चौकट सैल आहे: आर्द्रता ४० ते ६० टक्के, तापमान १६ ते २५ अंश, आणि २४ तासांत आर्द्रतेचा चढउतार १० टक्क्यांच्या आत. कौलारू घरात यातलं काहीच आपोआप मिळत नाही. जानेवारीतही दुपारी ५५ दिसणारा आकडा नदीकाठच्या घरात पहाटे ८० च्या वर गेलेला सापडेल. ६५ ते ७० च्या वर सलग काही दिवस राहिलं की बुरशी धरते.

प्रत्येक खोलीत दोन डेटा लॉगर (आर्द्रता-तापमान आपोआप नोंदवणारी यंत्रं) लावा, एक बाहेरच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर, एक खोलीच्या मध्यावर. नोंद आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांत घ्या. ते जमलं नाही तर निदान सलग सहा आठवडे. आलेख मांडला की घर स्वतःच सांगतं: पडवी आणि ओटीवर रेषा करवतीच्या दात्यांसारखी, माजघरात बरीच सपाट. कागद आणि कापड माजघरात, धातू-दगड-माती ओटीवर, हे वाटप तिथेच ठरून जातं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे एसी. दिवसभर एसी चालवून रात्री बंद केला की कौलांच्या फटींतून दमट हवा आत येते आणि गार झालेल्या काचेवर, फ्रेमवर पाणी सुटतं. रोज हाच खेळ. कामाला सतत ६५ टक्के सोसवेल, पण रोजचा ५० ते ८५ हा हेलकावा सोसत नाही: कॅनव्हास ताणतो-सैलावतो, रंगाचा थर तडकतो, कागदाला लाटा पडतात. चोवीस तास एसी चालवणं शक्य नसेल तर तो लावूच नका. त्याऐवजी नाजूक कामांपुरती खोलीत खोली करा. प्लायच्या चार भिंती, वर प्लायचंच छत, सांधे फोम पट्टीने बंद, आत दिवसाला वीस लिटर पाणी ओढणारा एक डीह्युमिडिफायर, आणि त्याची नळी थेट बाहेर. बादली ठेवलीत तर ती रात्री भरते आणि यंत्र बंद पडतं.

एकदोनच कागदी कामं असतील तर बंद पेटीतली फ्रेम पुरते. पेटीच्या दर घनमीटरला २० किलो ओल शोषणारं सिलिका जेल हा जुना आणि भरवशाचा हिशेब. ६० गुणिले ४५ गुणिले १० सेंटीमीटरची पेटी म्हणजे ०.०२७ घनमीटर, तिला साधारण साडेपाचशे ग्रॅम. पण बाजारातून आणलेलं कोरडं जेल तसंच भरू नका, ते कागदाला सुकवून ठिसूळ करतं. आधी ५० ते ५५ टक्के हवेत आणून स्थिर केलेलं जेल हवं. काच आणि कागद यांत किमान ४ मिलिमीटर फट ठेवा, नाहीतर दमट रात्री प्रिंट काचेला चिकटते आणि निघताना रंग काचेवर राहतो.

भिंती

चिऱ्याची, म्हणजे तासलेल्या जांभ्याची, भिंत दिसायला भक्कम, पण खिळा धरत नाही. ड्रिल केलं की भुगा पडतो, प्लग फिरत राहतो, आणि आठवड्याने फ्रेम खाली येते. शिवाय चिरा ओलावा आणि क्षार बाहेर टाकतो, म्हणून चित्राची पाठ त्याला कधीच टेकवायची नाही. दोन इंची रिपांची चौकट करून त्यावर १२ मिलिमीटर प्लाय ठोका. मूळ भिंतीपासून दोन इंच आणि जमिनीपासून चार इंच मोकळी जागा सोडा, म्हणजे मागून हवा खेळते आणि वाळवी चढू लागली तर दिसते. जड काम तुळईला स्टीलच्या वायररोपने टांगता येतं. त्याआधी तुळई स्क्रू ड्रायव्हरने जागोजागी टोचून पाहा. वरून गुळगुळीत आणि आतून पोकळ तुळया जुन्या घरांत बऱ्याच निघतात.

समुद्रापासून एक-दोन किलोमीटरच्या आत सगळे स्क्रू, वायर, हुक ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. ३०४ ग्रेडवर महिनाभरात चहासारखे डाग येतात आणि पांढऱ्या प्लायवर ओघळतात.

जमीन शेणाने सारवायची असेल तर कामं आत येण्याच्या आठ दिवस आधी सारवून घ्या आणि दारं उघडी ठेवा. लॉगरवर आकडा पूर्ववत झाला की मगच क्रेट आत.

काय मागवायचं

सगळी मूळ कामं विमानाने आणण्याचा आग्रह गावात खर्चिक आणि धोक्याचा. निम्म्याहून जास्त कामं अशी निवडा जी इथेच तयार होतील: व्हिडिओ, ध्वनी, छायाचित्रांच्या प्रदर्शन-प्रती, आणि कलाकाराने तीन-चार आठवडे राहून इथल्याच मातीत, बांबूत, सुंभात, जाळ्यांत केलेली कामं. एचिगो-त्सुमारीतही कितीतरी कामं तिथल्या तिथे, गावकऱ्यांना सोबत घेऊन झाली आणि गाव त्यांना आपली मानतं. निवासी कलाकाराला पाहुण्यासारखं शहरी हॉटेलात ठेवू नका. वाडीतच ठेवा, सुतार आणि जाळी विणणारे यांच्या हाताशी.

प्रदर्शन-प्रतीसाठी करारात तीन गोष्टी हव्यात: किती प्रती, कुठे छापणार, आणि शेवटी नष्ट करणार की परत देणार. ६० बाय ९० सेंटीमीटरच्या प्रिंटला इंचाला २०० पिक्सेल धरले तर फाइल साधारण ४७२४ बाय ७०८७ पिक्सेलची लागते. कलाकाराकडून ती छपाईच्या महिनाभर आधी घ्या आणि तळहाताएवढा एक तुकडा छापून रंग मंजूर करून घ्या.

स्थानिक कलेला प्रवेशद्वारावरच्या सजावटीचं काम देऊन मोकळे होऊ नका. सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि लाखकाम, चितारआळीतले लाकडी कारागीर, पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी ही कामं परदेशी कामांच्याच खोलीत, त्याच उंचीवर, त्याच दिव्याखाली आणि त्याच मानधनाच्या तक्त्यावर यायला हवीत. चित्रकथीचं पान नुसतं टांगलं तर अर्धंच पोचतं. पोथी मांडीवर घेऊन, पानामागून पान पुढे आणत कथा गायली जाते तेव्हा ते चित्र काय करतं ते कळतं. म्हणून आठवड्यातून दोनदा सादरीकरण ठेवा. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री याच परंपरेसाठी मिळाला. जुनी पानं मांडताना प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाशाचं माप) आत ठेवा; तैलचित्राला २०० पर्यंत चालतो. लक्समीटर मोबाइलवर न पाहता साधा हातातला मीटर विकत घ्या.

एक कायदा पाठच करून ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि महत्त्वाचं हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांहून जुनं, खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. ‘पुढच्या वर्षी हा गंजिफाचा जुना डाव आमच्याकडे पाठवा’ असं परदेशी पाहुणा प्रेमाने म्हणाला तरी हो म्हणू नका.

माल येताना

परदेशातून मूळ काम येणार असेल तर कलाकाराला कुरियरने पाठवू देऊ नका. किंमत शून्य लिहिलेलं पार्सल कस्टम्समध्ये अडकतं आणि उद्घाटन होऊन जातं. तात्पुरत्या आयातीसाठी एटीए कार्नेट नावाचं कस्टम्सचं कागदपत्र हा रस्ता आहे. ते पाठवणाऱ्याच्या देशातल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडून निघतं, त्यावर ड्युटी भरावी लागत नाही, मात्र वस्तू विकता येत नाही. आयोजक कोण, मान्यता कुणाची याची कागदपत्रं इकडे मागितली जातात, त्यामुळे मुंबईतला कस्टम्स ब्रोकर चार महिने आधी ठरवा. कार्नेट वर्षभराचं असलं तरी वस्तू परत नेण्याची मुदत कमी असू शकते. आत येताना शिक्क्याशेजारी लिहिलेली तारीख तीच खरी. दर सीमेवर शिक्का मारून घ्यायचा. एक राहिला तर परत जाताना ड्युटी मागे लागते.

लाकडी क्रेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का आहे का ते निघण्यापूर्वीच फोटोत पाहा. लाकडाचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला असावा लागतो. शिक्का नसेल तर क्रेट अडतो. प्लायचा क्रेट असेल तर हा प्रश्न येत नाही.

क्रेटचं माप गावाकडून ठरवून कळवा. ट्रक सडकेपर्यंत येतो, पुढे छोटा हत्ती टेम्पो, आणि शेवटचे दोनशे पाऊल पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. चार माणसांना पाखाडीने नेता येईल असा क्रेट म्हणजे १२० बाय ९० बाय ४० सेंटीमीटर आणि ६० किलोच्या आत. जुन्या घराचा दरवाजा साडेपाच फुटी असतो आणि उंबरा वीतभर. चौकटीची आतली मापं, जिन्याचं वळण आणि माळ्याची उंची घेऊन नकाशावर लिहा.

क्रेट पोचला की २४ तास उघडायचा नाही. गार गोदामातून आलेलं काम लगेच उघडलं तर आतच दव सुटतं. नंतर दोघांनी मिळून उघडा: एक हाताळतो, दुसरा स्थिती-अहवाल लिहितो. टॉर्च बाजूने तिरका धरून फोटो काढा, म्हणजे भेगा आणि फुगवटे दिसतात. विमा ‘खिळा ते खिळा’ हवा, म्हणजे तिकडच्या भिंतीवरून उतरल्यापासून परत तिथे लागेपर्यंत. विमा कंपनी जागेची माहिती मागते तेव्हा कौलं, लाकडी छप्पर, जुनं वायरिंग सगळं खरं लिहा. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर येते.

परदेशी पैसा हा वेगळा विषय. एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी नसलेल्या ट्रस्टने परदेशी देणगी एक रुपयाही खात्यात घेऊ नये. दूतावास किंवा परदेशी संस्था मदत करत असेल तर तिला तिच्या कलाकाराचा विमानखर्च परस्पर करू द्या, आणि तेही आपल्या सीएला विचारून. परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायची, मग ते घरगुती निवासाचं घर असलं तरी. पाहुण्यांना आधीच कळवा: ड्रोन आणि सॅटेलाइट फोन आणू नका. किनारपट्टीवर दोन्हींवरून पोलीस ठाण्यात दिवस जातो.

वीज, पहारा, पाट्या

प्रोजेक्टर ३०० वॉट, प्लेअर १५ वॉट. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्ट बॅटरी नवी असेल तर तीन-साडेतीन तास, दोन वर्षं जुनी असेल तर दोनच तास धरा. वीज परत आल्यावर आपोआप सुरू होऊन फिल्म पहिल्यापासून चालवणारा प्लेअर घ्या, नाहीतर पहाऱ्यावरच्या मुलीला दर वेळी शिडी चढावी लागते. कातळावर अर्थिंग नीट लागत नाही. वायरमनकडून मोजून घ्या, पाच ओहमच्या वर असेल तर खड्डा वाढवून मीठ-कोळसा भरा आणि रोज पाणी घाला. रोज सकाळी प्रोजेक्टरच्या जाळ्या आणि स्पीकरची भोकं पाहा. कुंभारीण माशी दोन दिवसांत तिथे मातीचं घर करते आणि मशीन तापून बंद पडतं. कामांच्या खोलीत कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक ठेवा, पावडरचं बाहेर पडवीत. पावडर आग विझवते, पण कामांवर बसली की निघत नाही.

पहाऱ्याला वाडीतलीच मुलं आणि बचत गटातल्या बायका घ्या. दोन खोल्यांमागे एक माणूस, दोन दिवसांचं प्रशिक्षण, रोजचा मोबदला रोज. प्रशिक्षणात प्रत्येक कामाबद्दल चार वाक्यं मालवणीत किंवा तिथल्या बोलीत सांगून पाहायला लावा. जे सांगता येत नाही ते पाटीवरही नीट लिहिलेलं नसतं, मग पाटी बदला. पाटी मराठी आधी, अक्षर किमान १८ पॉइंट, जमिनीपासून १२० सेंटीमीटरवर, म्हणजे शाळेतली पोरंही वाचतात. चित्राचा मध्य १४५ ते १५० सेंटीमीटरवर. लोक चपला बाहेर काढून येतील, तेव्हा जमिनीवरून एकही उघडी केबल नको. आणि पहिला दिवस गावाचा ठेवा. पाहुणे, पत्रकार, अधिकारी दुसऱ्या दिवशी.

उतरवताना

उतरवायला सात दिवस धरा. प्रत्येक काम येतानाच्याच अहवालाशी ताडून पुन्हा फोटो, मग त्याच क्रेटमध्ये, त्याच क्रमाने. म्हणून येताना फोमचे तुकडे आकडे घालून ठेवलेले असावेत. नष्ट करायच्या प्रती कापताना व्हिडिओ करून कलाकाराला पाठवा. सगळ्यात शेवटी घर. भिंतीत पडलेली भोकं सिमेंटने बुजवू नका, पावसाळ्यात त्याभोवती ओल धरून चिरा पोपडे सोडतो. चिऱ्याची चाळलेली पूड तीन भाग, भिजवलेला चुना एक भाग, पाणी बेताचं. भोक आधी ओलं करून दाबून भरा आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. सुरुवातीला डाग फिकट दिसेल. पहिल्या पावसाळ्यानंतर, घरचे गणपतीला येतील तेव्हा, तो भिंतीच्या रंगाला आलेला असतो. तेव्हा जाऊन एकदा पाहून या, आणि पुढच्या खेपेच्या सह्यांचा मसुदाही बरोबर न्या.